तळाशी एक सूत

आमच्या धंद्यात पत्र्याची धान्याची कोठी करताना तळ तोंडापेक्षा एक सूत आखूड ठेवतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तळ आखूड असला की कोठ्या एकात एक बसवून गाडीवर लादता येतात, आणि कोठी उलटी केली की दाणा अडकत नाही. हे मी अकोल्यात बापाजवळ शिकलो. शाळा चौथीपर्यंत झाली, ती सोडा. जन्मभर पत्रा कापला, आणि माझं माप चुकलं म्हणणारा अजून पैदा व्हायचा आहे, असं कोणालाही तोंडावर सांगत आलो.

माझी मुलगी अमरावतीला पीएच.डी. करत होती. रडारची लाट एखाद्या वस्तूवर आपटली की कोणत्या दिशेला किती फेकली जाते, हे हिशोबानं काढायचं, हा तिचा विषय. एकदा जेवताना तिनं मला तो समजावून सांगितला. वस्तूच्या पत्र्याचे कॉम्प्युटरवर हजारो त्रिकोण पाडायचे. लाट आली की दर त्रिकोणात वीज सळसळते, पण किती, ते माहीत नसतं. एका त्रिकोणातल्या विजेचा बाकी सगळ्यांवर परिणाम होतो, म्हणून हजारो समीकरणं एकदम सोडवायची. मला त्रिकोणांपर्यंत सगळं समजलं. नरसाळं कापणाऱ्याला समजणारच.

हिशोब खरा की खोटा हे पाहायला तिला खरा डबा पाहिजे होता. एका बाजूनं उघडा, आतून चौकोनी. तिचे सर म्हणाले, मशीनवर करून घे. ती म्हणाली, माझे बाबा करतील. मी केला. तोंड तिनं सांगितल्याप्रमाणे मिलिमीटरला मिलिमीटर. तळ हातानं आपोआप एक सूत आत घेतला. उघडा डबा असाच असतो, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

डबा लांबच्या एका शहरात गेला. तिथे भिंतींना निळ्या स्पंजचे सुळके लावलेली खोली आहे, त्यात लाटा सोडून मोजणी करतात. डबा तिकडेच राहिला, मोजणीचा कागद आला. पंधरा दिवसांनी तिचा दुकानात फोन आला.

"बाबा, डबा आतून तोंडापासून तळापर्यंत सारखाच हाय ना? मोजणी अन् हिशोब जुळून नाई राहिले."

समोर तेल्हाऱ्याचं गिऱ्हाईक बसलं होतं, जुनं, चहा पीत. त्यानं कान टवकारले.

"काय मिस्त्री, लेक परीक्षा घेऊन राहिली काय तुमची?"

मी फोनमध्ये म्हणालो, "सारखा हाय. तुह्या कॉम्प्युटरची चूक पाय, माह्या मापाची काय पायतं."

तो हसला. मीही हसलो. ते सूत मला त्या क्षणी आठवलं होतं. आठवलं नाही असं मी म्हणणार नाही.

मग आठ महिने गेले. तिनं त्रिकोण आणखी बारीक केले. कॉम्प्युटर दोन-दोन दिवस चालायचा. तरी जुळेना, म्हणून अख्खा प्रोग्राम पुन्हा लिहिला. घरी आली की अर्धी भाकर ठेवून उठायची. तिची आई मला विचारायची, "काय झालं वो पोरीले?" मी म्हणायचो, अभ्यास हाय. मी जेवत होतो, झोपत होतो, दुकान उघडत होतो. आत काही हलत नव्हतं. एका सुतानं काय होते, एवढंच मनाशी म्हणायचो, तेही रोज नाही.

एक दिवस ती सामान घेऊनच आली. सर म्हणाले होते, पद्धतच चुकीची दिसते, विषय बदल. प्रबंध द्यायची मुदत तीन महिन्यांवर आली होती. तिनं पीएच.डी.च सोडायचं ठरवलं. बाजेवर बसून ती नोकरीचा फॉर्म भरत होती. बाजूला लॅपटॉप उघडा होता आणि त्यात जाळीदार डबा गोल फिरत होता. भिंती विहिरीसारख्या सरळ.

"हे काय होय?"

"तुमचा डबा."

"माहा डबा असा नाई. तळ एक सूत आत हाय."

ती फॉर्मवरून मान न उचलता म्हणाली, "म्हणजे किती?"

"तीन मिलिमीटर. वरून जराक."

मग तिनं मान उचलली. "मी फोनवर विचारलं तव्हा माहीत होतं तुमाले?"

"होतं."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"गिऱ्हाईक बसलं होतं."

 ओरडली असती तर बरं झालं असतं की नसतं, मला सांगता येत नाही. तिनं लॅपटॉप ओढला आणि आकडा बदलला. आधीचे मोठे त्रिकोणच घेऊन जेवणाच्या वेळी सुरू केलेलं गणित चहाच्या वेळी संपलं. निळी रेघ मोजणीची, लाल रेघ हिशोबाची. लाल रेघ निळीवर अशी बसली की एकच दिसायला लागली. तिची पद्धत पहिल्या दिवसापासून बरोबर होती. मी रेघेकडे पाहत उभा राहिलो. काही वाटेल म्हणून थांबलो. काही वाटलं नाही. हातातला चहा गार झाला, तो प्यालो.

तिनं प्रबंध मुदतीत दिला. शेवटच्या परीक्षेला अमरावतीला मीही गेलो, मागच्या खुर्चीत बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकानं विचारलं, आधी आकडे का जुळत नव्हते? ती म्हणाली, "डबा बनवणाऱ्याची चूक होती." समोर पाहूनच म्हणाली. खरं तेच म्हणाली. पदवी मिळाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या.

आता तिला अमरावतीतच नोकरी आहे. घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघरात पत्र्याचे कप्पे करायचे होते. मी कानाला पेन्सिल लावून गेलो. ती म्हणाली, "थांबा बाबा, मी मोजते." तिनं भिंत मोजली, कागदावर लिहिलं, पुन्हा मोजली. टेपचं दुसरं टोक भिंतीला धरून मी उभा होतो. आकडा काय आला, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.