मालदीव, सेशेल्स आणि कोडोलीचे पाहुणे

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी सरांनी मला सेमिनारला विषय दिला: मालदीव आणि सेशेल्स या दोन चिमुकल्या देशांच्या सेवाक्षेत्रांची तुलना. मी हुपरीची. आमच्या घरात पैंजण घडतात, आणि समुद्र मी कॅलेंडरवर काय तो बघितलेला. पण कोल्हापूरच्या ग्रंथालयात बसून त्या दोन देशांची मी इतकी पारायणं केली की आई म्हणायची, पोरगी भाकरीसुद्धा बेटासारखी थापायला लागली. आकारच तसे यायचे, मी काय करणार?

नेमके सेमिनारच्याच दिवशी सकाळी आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला बघायला कोडोलीचे पाहुणे बोलावले. सेमिनार दुपारी दोनला, कोल्हापुरात. तो हुकला की वर्ष गेलं आणि वर्ष गेलं की शिक्षण बंद, याच बोलीवर त्यांनी मला एम.ए.ला घातलं होतं. मी कुरकुर केली. आण्णा म्हणाले, सकाळी लवकर येतील, चहा घेऊन जातील, तू निवांत एसटी धर.

पाहुणे उगवले बारा वाजता. जीपभर माणसं, मुलगा त्यांतच कुठंतरी. पोहे झाले, चहा झाला आणि आण्णांनी ठेवणीतलं वाक्य काढलं, जेवल्याशिवाय सोडायचं न्हाय. पाहुणे नको म्हणाले. आण्णांनी आग्रह केला, पाहुणे आणखी जोरात नको म्हणाले. आमच्याकडं नको म्हणजे अजून थोडा आग्रह करा, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. आईनं मुकाट्यानं पीठ मळायला घेतलं. एसटी तर कधीच गेली होती. मला तिथंच भोकाड पसरावंसं वाटत होतं.

तेवढ्यात मुलाच्या आईनं सहज विचारलं, काय शिकतीस गं? झालं. सेमिनारचा विषय सांगता सांगता माझी गाडी जी सुटली ती सुटलीच. पोह्यांच्या बशा जाजमावर लांब लांब मांडून मी मालदीव केला: ह्या बशीत नुसतं हॉटेल, त्या बशीत गाव. मग बशा उचलून एकमेकींना खेटून सेशेल्स केला: इथं हॉटेल आणि गाव शेजारी शेजारी, शिवाय परदेशी कंपन्यांची कागदपत्रं सांभाळायचा जोडधंदा. दोन्ही देश पाहुण्यांवरच चालतात, फक्त तिथले पाहुणे पैसे देतात आणि वेळेवर परत जातात, हेही माझ्या तोंडून निघून गेलं.

आण्णांचा चेहरा पडला. मुलाची आई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली. हे बोलायचं कुठं आणि कधी, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, सांगताना डोळे भरले. ती उठलीच. आधी पोरीला पोचवायचं, जेवण मागनं, म्हणाली.

आता मुलीला एकटीला पाहुण्यांबरोबर कसं पाठवायचं, म्हणून आण्णा जीपमध्ये चढले. पाहुणे उपाशी कसे ठेवायचे, म्हणून आई भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन चढली. त्या जीपमध्ये मी कुणाच्या मांडीवर बसून गेले ते आजही सांगता येणार नाही. दोनला दोन मिनिटं कमी असताना अख्खी वरात वर्गात शिरली आणि मागच्या बाकांवर बसून ऐकायला लागली. सरांना वाटलं, कुठल्या तरी कॉलेजातले प्राध्यापक आलेत. मी बोलले, अशी बोलले की माझी मलाच मजा वाटली. शेवटी सरांनी अदबीनं विचारलं, कुणाला काही प्रश्न?

मुलाची आई उभी राहिली. त्या हॉटेलांत तिथल्या बायका कामाला जातात का, हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, सेशेल्समध्ये सर्रास जातात. मालदीवमध्ये फार थोड्या, कारण हॉटेलाचं बेट लांब, मुक्काम करावा लागतो आणि घरचे सोडत नाहीत.

 ती आण्णांकडं वळली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या कोडोलीतनं कोल्हापूरला एसटी हाय. पोरगी पुढं कॉलेजात शिकवायला जाईल, आम्ही सोडतो की."

सर गोंधळून आण्णांकडं बघायला लागले, आण्णा जमिनीकडं. मी फळ्यापाशी, हातात खडू. मुलाचा चेहरा मी अजून धड बघितलाही नव्हता. मी त्याच्या आईकडं बघून व्हय म्हटलं.