जोडीनं घेतलेले रेडिओ

हौशी रेडिओची, म्हणजे स्वतःच्या सेटवरून लांबच्यांशी बोलायच्या परवान्याची, परीक्षा आम्ही सोबतच पास झालो. मी मानोऱ्याचा, माझा दोस्त इंझोरीचा. पहिला सेट कोणता घ्यावा, हे विचारायला शिरपूरच्या एका रिटायर मास्तरांकडे गेलो. ते या छंदात मुरलेले.

"जुना का होईना, मोठा सेट घ्या. दोन झाडांमंदी तार ताना, पार पुण्यापावतर आवाज जाईन," ते म्हणाले.

"पुण्यात आपलं कोन हाय?" मी हसून उडवून लावलं.

आमच्याकडे बैल जोडीनं घेतात, उंची अन् रंग जुळवून. आम्ही रेडिओही तसेच घेतले. हातात मावणारे, नवेकोरे, एकसारखे. कमरेला लावून बाजारात मिरवलोसुद्धा.

घरून मात्र एकमेकांचा आवाज येईना. मग दर रविवारी आपापल्या गावाजवळच्या टेकडीवर चढायचो अन् "मिरचीवर काय फवारलं?" एवढंच विचारायचो. तेवढं फोनवरही विचारता येतं. पण फोनसाठी कोणी टेकडी चढत नाही.

पुढे दोस्ताला पुण्यात नोकरी लागली. तो सेट घेऊन गेला. तिथं त्याला त्याच सेटवर बोलायला भरपूर माणसं मिळाली. माझ्याशी बोलायला आता मोठा सेट घे, असं त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

माझ्या सेटवर नुसती खरखर. बाबा म्हणतात, "जोडीतला एक गेला, तं दुसरा कायले ठेवतं? इकून टाक."

मी तो अजूनही रविवारी चार्ज करतो. पुण्यात आपलं कोण आहे, असं मीच म्हणालो होतो.