डॉक्टरीणबाईंच्या सायकलची कुरकुर

सायकलवालीने डूख धरला तो काही उगाच नव्हे.

नवरा होता तोवर दुकान दोघांचं होतं. तो गेला आणि वर्षाच्या आत धाकटा दीर मालक होऊन बसला. पाना कसा धरायचा हे ज्याला तिच्या नवऱ्याने शिकवलं, तोच! कानामागून आला आणि तिखट झाला. तरी ती गप्प राहिली. पंक्चर काढावं, वाकड्या चाकाचा आउट काढून ते सरळ करावं, आपल्या हाताला काम आहे ना, मग झालं.

दिराचा एक नियम होता. सायकल छताच्या आकड्याला टांगायची, हाताने पायडल फिरवायचं आणि कान लावायचा. गिऱ्हाइकाच्या सायकलवर बसायचं नाही म्हणजे नाही. ऐकायला मोठी शिस्त वाटते. खरी गोष्ट अशी की गुडघ्यामुळे त्याला स्वतःला सायकल चालवता येत नव्हती, आणि आपल्याला जमत नाही ते दुसऱ्याने करू नये, हा त्याचा जन्माचा स्वभाव.

नवऱ्याची रीत उलटी. आवाजाची तक्रार आली की तो आधी एक चक्कर मारून यायचा. बसून, उभ्याने, पायडल थांबवून. तिचा हात त्याच रीतीने घडलेला. म्हणून एके दिवशी डॉक्टरीणबाईंच्या सायकलचा खडखडाट शोधायला ती चौकापर्यंत जाऊन आली. मडगार्डचा नट ढिला झाला होता, तो सापडलाही. पण परत येते तर दारात दीर, आणि शेजारी डॉक्टरीणबाई.

"बघा," दीर म्हणाला. "तुमच्या सायकलवर वहिनींचा बाजारहाट चाललाय. कितीदा सांगितलं, पण ऐकतील तर शपथ!"

तिच्या हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती. डॉक्टरीणबाईंनी एवढं तरी पाहायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, "निदान विचारून तरी न्यायची," आणि रुमालाने सीट पुसून निघून गेल्या. शब्दांपेक्षा तिला ते पुसणं जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तिला दुकान बंद झालं. 'गिऱ्हाइकाच्या वस्तू वापरते' हे नाव मात्र गल्लीभर चालू राहिलं. ती समोरच्याच जिन्याखाली चार पाने आणि एक पंप घेऊन बसली. हवा भरायला लोक यायचे, पण सायकल ठेवून जायला कुणी धजत नव्हतं. मनात ती रोज दिराच्या नावाने बोटं मोडायची.

अशात डॉक्टरीणबाईंच्या सायकलला नवाच रोग जडला. कर्र-कट, कर्र-कट. पायडल मारलं की आवाज आलाच. दिराने सायकल टांगली, पायडल फिरवलं, कान लावला. चिडीचूप! तरी काहीतरी करायचं म्हणून त्याने बेअरिंगचे छर्रे बदलले. सकाळी पुन्हा कर्र-कट. चेन बदलली, पायडलं बदलली. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला!

सायकलवालीला दुखणं तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. गल्लीच्या टोकाला चढ लागतो. तिथे डॉक्टरीणबाई सीटवरून उठून उभ्याने पायडल मारतात, आणि तेवढ्यापुरता आवाज थांबतो. दोष खाली पायडलात असता तर उभं राहिल्यावर तो वाढला असता. म्हणजे सीटचा दांडा. फ्रेमच्या नळीत तो कोरडा पडलाय, आत धूळ गेलीय, आणि बसणाऱ्याच्या वजनाने दर पायडलला घासतोय. टांगलेल्या सायकलच्या सीटवर बसणार कोण? पाच मिनिटांचं काम होतं.

ती बोलली नाही. दोन महिने बोलली नाही. हे काही चांगल्या माणसाचं लक्षण नव्हे असं कुणी म्हणेल. म्हणो बापडे. सकाळी तो आवाज कानावर पडला की तिला चहा दुप्पट गोड लागायचा. दवाखान्यात पेशंट हसू लागले, घंटेची गरज नाही म्हणू लागले, तेही तिने मिटक्या मारत ऐकलं.

शेवटी डॉक्टरीणबाई एका सकाळी सायकल हातात धरून जिन्यापाशी आल्या.

"तुम्ही बघता का जरा?"

"बघते. पण मला चालवावी लागेल. आणि ती इथंच, ह्या दुकानासमोर."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "चालवा ना," त्या म्हणाल्या.

तिने दिराच्या दारावरून तीन चकरा मारल्या. खरं तर एकीचीही गरज नव्हती. दीर बाहेर आला, आजूबाजूचे चार दुकानदारही आले. मग तिने सगळ्यांसमोर सीटचा दांडा उपसला, चिंधीने काळा चिखल पुसून काढला, नळी आतून साफ केली, ग्रीस लावलं, नट आवळला. डॉक्टरीणबाई चढापर्यंत जाऊन आल्या. हूं की चूं नाही.

"ह्या खेपेला मी तेच करणार होतो, वहिनी," दीर म्हणाला.

"करा की भाऊजी. पण त्यासाठी आधी सायकलवर बसावं लागतं."

दुकानदार फिदीफिदी हसले. दिराचं तोंड एवढंसं झालं, आणि तिला मनापासून बरं वाटलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन महिने झाले."

"मग सांगितलं का नाहीत? अहो, रोज जाते मी इथून!"

"त्या दिवशी तुम्ही मला विचारलंत का, कुठे गेले होते ते?"

डॉक्टरीणबाईंनी सायकल स्टँडवर लावली. मग पलीकडच्या दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्यावरचा तो आळ खोटा होता, आणि मी तो खरा मानला. माझं चुकलं."

अशा वेळी माणूस 'असू दे' म्हणतो. तिच्याही ओठांवर ते आलं होतं, आयुष्यभराची सवय. दीरसुद्धा त्याच दोन शब्दांची वाट बघत दाराला टेकला होता, म्हणजे सगळंच मिटलं असतं.

"हो," ती म्हणाली. "चुकलंच."