आडवा घातलेला दगड

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. परळच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रिपोर्टमध्ये दिसेल ते खरं, बाकी सगळ्या गप्पा. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळं वाटतंय... पण घडलंय.

लालबागच्या आमच्या चाळीत, दाराशेजारी, दोन-अडीच फुटांचा एक दगड उभा होता. संदीपच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पणजोबांनी गिरणीत लागताना कोकणातल्या गावच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळमाळावरून, तो बोटीने आणला. आमचा राखणदार! अमावस्येला त्याच्यापुढे नारळ फुटायचा. त्या खोबऱ्याची मी चटणी करायचे, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

चाळ पाडली, आम्ही दगडासकट टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर आलो. सासूबाई शिमग्याला गावी गेल्या होत्या. मशीनमध्ये कॉलर स्वच्छ निघत नाहीत, म्हणून मी तो दगड ड्राय बाल्कनीत आडवा टाकला, धुणं आपटायला. त्याच संध्याकाळी चौदा महिन्यांची आमची सई, जी आठवडाभर घरभर दुडदुडत होती, मटकन खाली बसली. उभी राहीचना. एक्स-रे, रक्त... सगळं नॉर्मल. आठ दिवस मी तिला कडेवर घेऊन दवाखाने पालथे घातले.

सासूबाई परतल्या, बाल्कनी बघून किंचाळल्याच.

"गो, उभो देव आडवो कित्याक घातलंस?"

"आई, दगड आहे तो!"

"आधी उभो कर."

केवळ त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून उचलला. धुण्याच्या पाण्याने खालच्या बाजूचा शेंदूर निघाला होता. त्याखाली कोरलेल्या रेषा दिसल्या — वर्तुळं, आणि दोन उभे पाय. दगड भिंतीला टेकवून वळले, तर सई सोफा धरून उभी!

योगायोग, मी स्वतःला बजावलं. कातळशिल्पांच्या एका अभ्यासकांना फोटो पाठवले. त्यांच्या मते कोरीवकाम हजारो वर्षांपूर्वीचं असावं, शेंदूर अलीकडचा. म्हणजे पणजोबांच्याही कितीतरी आधी कुणीतरी तो उभा केला होता. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नाही.

सई आता प्लेस्कूलला जाते. गेल्या महिन्यात मी रजेवर असताना शाळेतून फोन आला. "सईची मम्मी ना? नाचता नाचता खाली बसलीय हो, पाय उचलतच नाहीये."

मी बाल्कनीकडे धावले. लादी पुसायला कामवाल्या बाईंनी दगड आडवा केला होता. फोन खांद्यात दाबून मी तो उभा केला.

"थांबा हं..." पलीकडून टीचर म्हणाल्या. "उठली वाटतं."

त्या रात्री मी तिचे सगळे रिपोर्ट पुन्हा काढून वाचले. सगळं नॉर्मलच.

आता ते अभ्यासक म्हणतात, दगड सड्यावर परत द्या, त्याची जागा तिथेच आहे. मलाही पटतं. टेम्पोत उभा बांधून नेऊ, असं संदीपचं म्हणणं. पण गाव दहा तासांवर, मध्ये घाट... एखाद्या वळणावर दोर सुटला आणि तो कलंडला, तर त्या क्षणी माझी सई कुठे असेल? रस्ता ओलांडत असेल तर?

मी अजून हो म्हटलेलं नाही.