पाटलाच्या घरातली बाळंतीण

फाट्यावर एसटी आली तेव्हा सासूबाईंनी खिडकीतून माझ्या बायकोच्या, शकुंतलेच्या मांडीवर जुन्या मऊ लुगड्यांचं गाठोडं ठेवलं आणि मला बजावलं, "जावईबापू, बाळंतपणाले मले बोलवा बरं. पोरीजवळ आपलं माणूस लागते."

मी खुशाल मान डोलावली. नागपुरात माझ्याइतका हुशार मीच, असा तेव्हा माझा समज होता.

आम्ही दीक्षा घेतलेली माणसं. आडनाव ऐकून तीन घरमालकांनी दार लावून घेतलं. चौथ्या वेळी, सक्करदऱ्यात, मी सरळ पाटील झालो. जमीन म्हणाल तर एक कुंडी; तीत तुळस लावली. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत गेली.

मुलगा झाला. सासूबाई आल्या असत्या तर दारातूनच खणखणीत जयभीम घातला असता आणि माझी पाटीलकी तिथेच आटोपली असती. मी कार्ड टाकलं, "इथे नर्सबाई सगळं करतात. येऊ नये."

नर्सबाई कुठली! शकुंतला भिंतीकडे तोंड करून पडायची. वेणी घालेना, पोर रडलं तरी उचलेना. मी तिला साहेबाची नक्कल करून दाखवली. भिंतीपलीकडे घरमालकीणबाई हसल्या, ही नाही. "राणीसारखी पडून आहेस, आणखी काय पाहिजे?" असंही मी विचारलं. एवढा मी विद्वान.

एका दुपारी ऑफिसातून आलो तर खोली रिकामी. ती बसस्टँडवर सापडली. पायांत चप्पल नाही, पोर लुगड्यात गुंडाळलेलं.

"तिथं मोठ्यानं रडताबी येत नाही," ती म्हणाली. "रडता रडता तोंडातून काही निघालं तं? पोराकडे पाहून मले काहीच वाटत नाही हो. आईकडे न्या मले."

खोलीवरून ट्रंक आणली आणि गावच्या त्याच एसटीने तिला नेलं. सासूबाई अंगणातूनच ओरडल्या, "जयभीम वं माय! काहून अशी वाळली?" शकुंतलेने असा हंबरडा फोडला की शेजारपाजार गोळा झाला. मी ट्रंक धरून उभा.

ती सावरली, पण वर्ष गेलं. थोरल्याचं तान्हेपण तिला आठवत नाही. मला आठवतं, पण सांगत नाही. त्यात मी आहे.

गावी राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे निघून आलेले, सगळेच विचारता, आता घर कुठलं? नागपुरातच, जरीपटक्याजवळ आहे. पाटीवर खरं आडनाव, चांगलं ठळक अक्षरांत. ते वाचायला सासूबाई राहिल्या नाहीत. दारात कोणी जयभीम म्हटलं की शकुंतला स्वयंपाकघरातून त्याहून मोठ्याने उत्तर देते.