इस्त्रीवालीने थांबवलेलं औषध

वळणावरच्या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईला सगळी गल्ली इस्त्रीवाली म्हणूनच ओळखायची. अंगाने किडकिडीत, पण गिऱ्हाईक उशिरा आलं तर कपड्यांबरोबर दोन शब्दही घडी करून हातात द्यायची. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. "आमच्या घरात बोलायचं खातं हिच्याकडे," असं तो म्हणायचा, तेही ती ऐकत नसेल तेव्हाच.

त्यांचा टिल्लू तीन वर्षांचा. पाळणाघरात जायला लागल्यापासून त्याचं नाक काही थांबलं नव्हतं. नाक वाहिलं की ताप, ताप आला की नाक्यावरचा डॉक्टर आणि डॉक्टर म्हटला की अँटिबायोटिकची बाटली. छातीला नळी लावायच्या आत चिठ्ठी लिहून तयार. पोरगा चार दिवसांत हुंदडायला लागायचा, पण पोट बिघडायचं, ढुंगण लालेलाल व्हायचं आणि ताट दिसलं की तोंड फिरवायचा. जरा अंग धरतोय तोवर पुन्हा शिंक.

"हे दरवेळी लागतंच का हो?" तिने एकदा विचारलंच.

"डॉक्टर मी की तुम्ही?"

तिथे ती गप्प बसली. गप्प बसायची तिला सवय नव्हती, म्हणून ते सलत राहिलं. पुढच्या सर्दीला तिने टिल्लूला उचललं आणि सरकारी दवाखान्यातल्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी घसा बघितला, कान बघितले, छाती ऐकली.

"ही साधी सर्दी आहे. अँटिबायोटिक हिला काहीच करत नाही. पाणी पाजा, ताप चढला तर तापाचं औषध द्या. पण श्वास जोरात चालला, पोर मलूल पडलं, किंवा ताप उतरून पुन्हा चढला, तर वाट बघत बसायचं नाही. लगेच आणायचं."

घरी नणंद येऊन बसली होती. "अगं, आमच्या फ्रिजमध्ये उरलेलं औषध आहे. दोन चमचे दे, कशाला पोराचे हाल करतेस?"

"ताई, ते तुमच्या पोराचं औषध. याला कशाला?"

"औषध ते औषध!"

पाळणाघरवाल्या मावशींनीही दारातच अडवलं. औषध चालू केल्याशिवाय पोर आणायचं नाही, बाकीच्यांना लागेल. नवरा नुसता पोराच्या कपाळावर हात ठेवायचा आणि तिच्याकडे बघायचा. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं. तिने लाँड्रीत टेबलाखाली गोधडी घालून टिल्लूला निजवलं. एका शर्टाची कॉलर करपवली, मालकाची बोलणी खाल्ली, पण बाटली आणली नाही. सर्दी रखडत रखडत गेली आणि पोराचं पोटही नीट राहिलं. मग काय, कपडे द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला तिने ही हकीकत सांगितली, मीठमसाला लावून.

पुढच्या खेपेला ताप आला तेव्हा तिला धास्तीच वाटली नाही. ताप उतरलाही. मग एका सकाळी पुन्हा चढला. नवरा म्हणाला, "दाखवून येऊ या का?"

"लगेच काय दाखवायचं? मागच्या वेळी गेलाच ना आपोआप?"

"बरं. तू म्हणशील तसं."

दुपारी घामाने भिजलेला बनियन बदलायला तिने टिल्लूचे हात वर केले आणि तिथेच थबकली. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. नाकपुड्या फुलत होत्या. बोलवलं तरी पोरगा नुसता बघत होता. ताप पुन्हा चढला तर थांबायचं नाही, हे बाईंनी सांगितलेलं तिला आत्ता आठवलं. सकाळी आठवायला हवं होतं.

"व्हॅन काढा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ छाती ऐकली, बोटाला यंत्र लावलं, पाणी पाजून बघितलं. "न्युमोनिया आहे. अँटिबायोटिक चालू करायचं."

"पण तुम्हीच तर म्हणाला होतात..." नवरा म्हणाला.

"तेव्हा सर्दी होती. आज ते लागणारच."

इस्त्रीवालीच्या मनातलं एकदाचं बाहेर आलं. "बाई, याला आधी इतक्यांदा दिलंय. आता लागू नाही पडलं तर?"

"पडेल, असं मला वाटतं. पण तुमची शंका चुकीची नाही. उगाच देत राहिलं की जंतूंवर ते चालेनासं होऊ शकतं. म्हणून तर सर्दीला नाही दिलं. प्राणवायू ठीक आहे, पाणी पितोय, म्हणून घरी पाठवते. उद्या सकाळी आणा. श्वास वाढला किंवा पिणं सोडलं, तर थेट मोठ्या हॉस्पिटलात."

पहिला डोस टिल्लूने अर्धा ओकला. बाईंना फोन लावून विचारलं, पुन्हा दिला. मग दोघं त्याच्या दोन बाजूंना बसली. ती त्याच्या छातीवरून नजर हलवत नव्हती. "सकाळीच न्यायला हवं होतं," ती म्हणाली. नवऱ्याने तिला बोल लावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मलाही दिसत होतं. तुझ्याशी वाद नको म्हणून बसलो."

सकाळी बाईंनी छाती ऐकली. "वाढलेलं नाही," एवढंच म्हणाल्या. उतार पडायला अजून एक अख्खा दिवस गेला. संध्याकाळी टिल्लूने डोळे उघडले, खोलीभर बघितलं आणि किरकिर करत भात मागितला. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून रडली, आवाज न करता.

टिल्लू हुंदडायला लागला तेव्हा नवरा म्हणाला, "आता बास की. तूच म्हणतेस ना, जास्त औषध वाईट?"

"उगाच घेतलेलं वाईट. हे बाईंनी सांगितलंय तेवढं द्यायचं."

"माझ्यावर कशाला ओरडतेस?"

"ओरडत नाहीये. भीती गेली नाहीये अजून माझी."

तो उठला. टिल्लू पलंगाखाली शिरला होता, त्याला तंगडीला धरून बाहेर ओढलं आणि मांडीवर घट्ट बसवलं. तिने बाटली हलवली, चमचा भरला.

"आ कर," तो म्हणाला, आणि पोराच्या आधी स्वतःच तोंड उघडलं.