आईची गाणी आणि माझं लिनक्स

जुन्नरच्या बसस्थानकामागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कुणाला कोणती ऑपरेटिंग सिस्टिम हवी, हे गिऱ्हाईक पायरी चढतानाच मला कळतं, अशी माझी समजूत होती. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने मॅक घ्यावा, मिरवायलाही बरा. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, तिथे वादच नाही. उरलेल्या सगळ्यांना लिनक्स. फुकट मिळतं, जुन्या मशीनवरही पळतं. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगायचो.

डिंगोऱ्याच्या एक बाई जुना कॉम्प्युटर घेऊन आल्या. तहसील कचेरीत टायपिस्ट होत्या, आता निवृत्त. त्यांच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण विहारात म्हणायची गाणी ती स्वतः रचायची. ती जायच्या आधी बाईंनी तिच्याकडून सांगून घेत सगळी टाइप केली होती. दुसरीकडे कुठे लिहिलेली नव्हती.

“मशीन लई हळू चालतंय भाऊ, तेवढं बघा,” म्हणाल्या.

मी फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, डिस्क पुसली आणि लिनक्स टाकलं. बाईंना विचारलंही नाही.

संध्याकाळी त्या आल्या तेव्हा मी खुशीत होतो. मशीन झकास चालत होतं. गाण्यांची फाइल उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. दुसरी उघडली, तिच्यातही तेच.

“यात आईचं काय बी न्हाई,” बाई म्हणाल्या.

मी उगाच वायर हलवून पाहिली.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. पडद्याकडे बघत कीबोर्डवर बोटं टेकवली आणि बटणं न दाबता पहिली चार अक्षरं चाचपली. व्ही, के, बी, झेड.

“आई,” त्या म्हणाल्या. मग बोटं पुढे सरकली आणि पहिली ओळ हळूहळू त्यांच्या तोंडून आली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचा मराठी फॉन्ट जुना, टाइपरायटरच्या पद्धतीचा. अशा फाइलीत दाबलेल्या बटणांची इंग्रजी अक्षरंच साठतात, मराठी दिसतं ते फॉन्टमुळे. फॉन्ट मी विंडोजबरोबर पुसून टाकला होता. गाणी जिथल्या तिथे होती, ती वाचता येत होती फक्त या बाईंच्या बोटांना. मला स्वतःची लाज वाटली.

फॉन्ट लिनक्सवरही बसला असता, पण माझी हौस फिटली होती. दुसऱ्या दिवशी विंडोज आणि फॉन्ट, दोन्ही परत टाकले. बाई मशीन न्यायला आल्या, तेव्हा मी आधीच सांगून टाकलं की हे पहिल्यासारखंच हळू चालणार.

“चालू द्या,” त्या म्हणाल्या. “आई बी थांबत थांबतच सांगायची.”